आरोंदेकर आणि नववी खोली

घोडपदेवच्या चाळीत मी बिऱ्हाड टाकलं त्या पहिल्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडून बघतो तो समोर एक गृहस्थ. खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर हपिसचा कोट, पाय अनवाणी, हातात वही आणि कानावर पेन्सिल. त्यांनी विचारलं, "ही पहिल्या मजल्यावरची आठवी खोली ना?" मी हो म्हटलं. "मग नववी कुठे आहे?" मी बाहेर डोकावून पाहिलं. माझ्या खोलीनंतर भिंत होती आणि भिंतीनंतर घोडपदेवची मोकळी हवा होती. नववी नाही, आठवर मजला संपतो, असं मी सांगितलं. गृहस्थांनी वहीत बरोबरची खूण केली, "तुम्ही पास," असं म्हणाले आणि जिन्याकडे चालते झाले.

मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवतो. दुसऱ्याला पास-नापास करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. परक्या माणसाने येऊन मलाच पास करावं, तेही मी परीक्षेला बसलेलो नसताना, याचा मला भयंकर राग आला. मी तावातावाने तळमजल्यावर सुंदरकाकींकडे गेलो. सुंदरकाकी म्हणजे गिरणीकामगारांची खानावळ चालवणारी मालवणी बाई; चाळीतली सगळी माहिती तिच्याकडे भाताबरोबर मिळे. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि आमटी वाढता वाढता म्हणाली, "तो आरोंदेकर. गणिताचो माणूस. कोणाक चावणा नाय."

चावत नव्हते हे खरं. पण जी माणसं चावतात त्यांच्यावर निदान औषध असतं. आरोंदेकरांवर नव्हतं.

त्यांची नोकरी कुलाब्याला एका सरकारी संशोधन संस्थेत होती. लष्कराच्या जुन्या बराकीत तिथे एक गणकयंत्र बांधणं चाललं होतं. खोलीभर कपाटं, कपाटभर दिवे, आणि ते सगळं थंड राहावं म्हणून माणसांना मिळत नाही असला गार वारा. या यंत्राला आकडेमोड शिकवणारे विद्वान वेगळे होते. त्यांनी शिकवलेलं यंत्राला खरोखर कळलंय का, हे तपासायचं काम आरोंदेकरांचं. त्यातही एकच काम. मॅट्रिक्समधला हवा तो आकडा यंत्र बरोबर काढून देतं की नाही, एवढंच.

मॅट्रिक्स म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा विचारलं आणि ती चूक मला दीड तास पुरली. त्याचं सार असं, की मॅट्रिक्स ही आकड्यांची चाळ. मजल्यावर मजले, मजल्यावर खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एकेक आकडा बिऱ्हाड करून राहिलेला. यंत्राला मजला सांगायचा, खोली सांगायची. त्याने जाऊन तिथला आकडा आणून द्यायचा. आणलेला आकडा त्याच खोलीतला आहे की शेजारच्या, हे आरोंदेकर बघत. त्याबद्दल सरकार त्यांना पगार देई, आणि वर आमचा असा समज, की महाराष्ट्राचे पैसे दिल्लीवाले खातात.

त्यांचं एक पालुपद होतं. "पहिलं मागा, शेवटचं मागा आणि शेवटाच्या पुढचं मागा. मधलं काय, कुणीही बरोबर देतं." हे ते यंत्राबद्दल म्हणत, वाण्याबद्दल म्हणत आणि एकदा चाळीतल्या एका मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही म्हणाले. ते स्थळ मोडलं. अर्थात त्या मुलाचं पुढे जे ऐकू आलं, त्यावरून आरोंदेकरांचे उपकारच झाले म्हणायचे.

आता धोब्याची गोष्ट घ्या. आमचा धोबी कपड्यांवर शाईने मजला आणि खोलीचे आकडे टाकायचा. दुसऱ्या मजल्याची तिसरी खोली म्हणजे दोन-तीन. पण परत आणताना त्याचा भाचा आधी खोली वाचायचा आणि मग मजला, त्यामुळे दोन-तीनचे कपडे तीन-दोनला जायचे आणि तीन-दोनचे दोन-तीनला. सहा महिने दोन कुटुंबं एकमेकांच्या चादरी वापरत होती आणि एकमेकांच्या चादरींना नावं ठेवत होती. आरोंदेकरांनी हे हुडकून काढलं. वर त्यांनी असं दाखवून दिलं, की एक-एक, दोन-दोन आणि तीन-तीन या तीन खोल्यांचे कपडे मात्र कधीच चुकले नाहीत. आकडे उलटे वाचले तरी खोली तीच. बाकी ज्यांचा उलटा मजला चाळीत नव्हताच, त्यांचे कपडे दारोदार फिरत. म्हणून धोबी चांगला आहे असं चाळीत फक्त तीनच घरं म्हणत, आणि ती तिन्ही या तिरक्या रेघेवरची. "कर्णावर राहणाऱ्याच्या साक्षीला किंमत नाही," असं आरोंदेकरांनी धोब्याला बजावलं. कर्ण म्हणजे महाभारतातला समजून धोब्याने हात जोडले.

गिरगावात एकदा त्यांच्याबरोबर नाटकाला गेलो. आमच्या खुर्च्या चांगल्या पाचव्या रांगेत होत्या. पण दुसरा अंक सुरू होऊन अंधार झाला आणि आरोंदेकरांना राहवेना. ते दारावरच्या माणसाकडे जाऊन सातव्या रांगेतली एकविसावी खुर्ची मागू लागले. रांगेत खुर्च्या वीस. त्या माणसाने बॅटरी मारत वीस मोजल्या आणि मुकाट्याने त्यांना आठव्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. तिथला प्रेक्षक चहाला गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या बायकोशेजारी पेन्सिल घेतलेला परका पुरुष बसलेला. आरोंदेकर त्याला शांतपणे समजावत होते, की तुमचा दोष नाही, माझाही नाही, दारावरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही एवढंच. पुढचं नाटक आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसून नुसतं ऐकलं.

साऱ्या मुंबईत त्यांच्या परीक्षेला पुरून उरली ती एकटी सुंदरकाकी. खानावळीत पंगती बसलेल्या असताना त्यांनी तिला पोळी दुसऱ्या पंगतीतल्या सातव्याला वाढायला सांगितलं. पंगतीत माणसं सहा. सुंदरकाकी पोळी घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "सातवो कोण नाय बसलो. तू बस नि जेव." त्या दिवसापासून आरोंदेकर तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. असली बाई कुलाब्याला हवी होती, असं ते म्हणत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीच्या भिंतीवर गेरूने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं, सभांना सगळी चाळ एकगठ्ठा जायची, पोरंसोरंसुद्धा शाळेत हजेरीला 'झालाच पाहिजे' म्हणायची. मी स्वतः दोन वेळा लाठी चुकवली आहे. तिसऱ्यांदा ती चुकली नाही. या सगळ्या गदारोळात आरोंदेकरांचं मागणं वेगळंच होतं. यंत्राला नाही म्हणता आलंच पाहिजे.

कारण त्याच सुमारास कुलाब्याला ते अडकले होते. यंत्राचं उद्घाटन जवळ आलं होतं, दिल्लीहून मोठी माणसं येणार होती. मॅट्रिक्समधला आकडा काढून देणारी आज्ञावली त्यांचे वरिष्ठ डॉक्टर किर्तने यांनी स्वतः लिहिली होती. डॉक्टर म्हणजे विलायतेत शिकून आलेले, टायशिवाय न दिसणारे गृहस्थ. आरोंदेकरांनी तपासणी केली. पहिला आकडा बरोबर आला, शेवटचा बरोबर आला. मग आठ घरांच्या ओळीतलं नववं घर मागितलं. यंत्राने हूं की चूं न करता एक आकडा आणून दिला. जे घर नाहीच त्यातला आकडा. आरोंदेकरांनी तपासणीच्या कागदावर सही करायला नकार दिला.

डॉक्टरांचं म्हणणं, असं वेड्यासारखं कोण मागणार. आरोंदेकरांचं म्हणणं, मी मागितलं. शेवटी डॉक्टरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. सही झाली तर ठीक, नाहीतर आरोंदेकरांची नेमणूक हंगामी होती, ती पुढे चालू राहणार नव्हती. चाळीशी गाठलेल्या एकट्या माणसाला नववं घर मागण्याच्या कामावर दुसरं कोण ठेवणार होतं? मी त्यांना परोपरीने सांगितलं, की सही करून टाका, यंत्र तुमचं नाही, बापाचं नाही. त्यांनी मला नापास केलं.

त्या शनिवारी हरताळ होता. बस नाही, ट्राम नाही, गिरणीचा भोंगा नाही. चाळ सगळी घरी, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे पत्ते खेळून झालेले. अशा वेळी फाटकातून डॉक्टर किर्तने आत आले. असल्या दिवशीही ते सकाळी कुलाब्याला गेले होते आणि आता पायी दादरला घरी निघाले होते. वाटेत सही घेऊन जाऊ, असा त्यांचा विचार. टाय तसाच, पण गळ्यावरून घाम टायवर उतरलेला. सुंदरकाकीने आधी त्यांना पाणी दिलं, मग चहा दिला, आणि मग नोकरीवरून माणूस काढतोस काय रे म्हणून विचारलं.

डॉक्टर गडबडले. आपण काहीही चुकीचं केलेलं नाही, आज्ञावली निर्दोष आहे, असं ते मराठीत सांगायला गेले. पण ती विद्या इंग्रजीत शिकलेली असल्यामुळे जमेना. तेव्हा आरोंदेकर म्हणाले, सांगू नका, करून दाखवा. ही चाळ म्हणजे तुमचं मॅट्रिक्स. तळमजला शून्य, मग एक, दोन, तीन. मजल्यावर खोल्या आठ. तुम्ही व्हा यंत्र. प्रत्येक खोलीने जे हाताशी असेल ते द्यायचं, तुम्ही ते घेऊन अंगणात यायचं.

बघता बघता सगळी चाळ कठड्यांवर आली. डॉक्टर मूळचे वाईट नसावेत, कारण त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला. आरोंदेकरांनी त्यांच्याकडे आधी तळमजल्याची पहिली खोली मागितली. डॉक्टर गेले आणि सुंदरकाकीची पळी घेऊन आले. मग तिसऱ्या मजल्याची आठवी मागितली. डॉक्टर धापा टाकत गेले आणि तिथल्या आजोबांची कवळी वाटीत घेऊन आले. दोन्ही बरोबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"आता पहिला मजला, खोली नऊ," आरोंदेकर म्हणाले. "आणि डोळ्यांनी शोधायचं नाही. तुम्ही यंत्राला जसं लिहून दिलंय तसंच."

तसंच म्हणजे कसं, ते मला नंतर कळलं. यंत्राच्या पोटात मजले नसतात. सगळ्या खोल्या एका लांबलचक रांगेत असतात आणि यंत्र पहिल्या दारापासून मोजत जातं. तळमजल्याच्या आठ, त्यात नऊ मिळवले की सतरा. डॉक्टर दारं मोजत निघाले. तळमजला संपला, जिना चढले, पहिल्या मजल्यावर माझ्या दाराला त्यांनी सोळा म्हटलं. पुढे भिंत. डॉक्टर क्षणभर थांबले. मग, आपणच लिहिलेलं असल्यामुळे, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले आणि पहिल्या दाराला सतरा म्हणाले.

ते बाबुराव कांबळ्यांचं दार. बाबुराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर. बोलणं कमी आणि चेहरा न्यायाधीशाचा. त्यांनी विचारलं, काय पाहिजे? डॉक्टर म्हणाले, पहिल्या मजल्याची नववी खोली. बाबुरावांनी एकवार वर पाहिलं, एकवार खाली पाहिलं, आणि म्हणाले, "हा दुसरा मजला, खोली पहिली. पण नियम म्हणजे नियम. हाताशी सध्या हाच आहे." आणि मांडीवरचा सात महिन्यांचा नातू त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टर अंगणात आले ते मूल कडेवर घेऊन. मुलाने टाय मुठीत धरला होता आणि त्याचं टोक तोंडात घातलं होतं. चाळ हसून हसून कठड्यांवर ओणवी झाली. आरोंदेकर मात्र हसत नव्हते. ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, जी खोली नाही, तिथून तुम्ही दुसऱ्याचं मूल उचलून आणलंत. आणि तुमच्या हिशेबी सगळं बरोबर झालंय."

डॉक्टर पायरीवर बसले. मूल टाय सोडीना, आणि डॉक्टरांनीही तो सोडवायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी पेन्सिल मागितली आणि सहीसाठी आणलेल्या कागदाच्या मागे काहीतरी लिहिलं. आधी खोली आठाच्या पुढची आहे का बघायचं. असेल तर थांबायचं आणि दिवा लावायचा. दोन आज्ञा वाढतील, यंत्र जरा सावकाश चालेल, असं ते म्हणाले. चालू दे, आरोंदेकर म्हणाले. सुंदरकाकीने डॉक्टरांना जेवायला बसवलं आणि ते तीन भाकऱ्या जेवून चालत दादरला गेले.

सोमवारी आज्ञावली बदलली, तपासणी झाली, सही झाली, नोकरी राहिली. पुढच्या शनिवारी आरोंदेकर मला यंत्र दाखवायला कुलाब्याला घेऊन गेले. त्यांनी माझ्यासमोर नववं घर मागितलं. यंत्र थांबलं आणि एक लाल दिवा लागला. ते त्या दिव्याकडे इतका वेळ बघत राहिले की मलाच अवघडल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, एवढ्याशा दिव्यासाठी नोकरी घालवायला निघाला होतात, धन्य आहे. ते म्हणाले, वेळ असेल तर चला, एकाकडे जाऊ.

कफ परेडच्या कडेला मच्छीमारांची वस्ती आहे, तिकडे आम्ही चालत निघालो. त्यांचा धाकटा भाऊ शरद फाउंटनच्या गोळीबारात गेला, हे माझ्या कानावर होतं. मी चाळीत येण्याआधीची ती गोष्ट. चाळीत त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि आरोंदेकर तर नाहीच. त्या दिवशी ते आपण होऊन बोलले. शरदला रुग्णालयात नेल्याचं कळून ते धावत गेले. खाली चिठ्ठी मिळाली, दुसरी रांग, बारावी खाट. भेटीची वेळ चारची होती आणि तेव्हा दोन वाजले होते. त्यांनी तिथल्या एका नोकराचे पाय धरले, की नुसता बघून ये. तो बघून आला. शुद्धीवर आहे, चहा पितोय, म्हणाला.

"दोन तास मी खाली बाकावर बसलो होतो, गुरुजी. आनंदात. मीसुद्धा चहा मागवून प्यालो." ते रस्त्याकडे बघत चालत होते. "रांगेत खाटा अकराच होत्या. शरदला टोकाला जमिनीवर गादी घालून ठेवलेलं, तोच बारावा. त्या माणसाने अकरा मोजल्या आणि पुढच्या रांगेतली पहिली खाट बारावी धरली. बारावी नाही म्हणाला असता, तर मी शोधायला गेलो असतो. मिळाला असं वाटलं, म्हणून बसून राहिलो."

चार वाजता ते वर गेले तेव्हा शरद संपला होता. तीन वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो, आणि आता मला स्वतःची लाज वाटत होती.

वस्तीत बांबूंवर मासळी वाळत घातलेली होती. एका झोपडीच्या दाराशी एक कोळी पाय लांब करून जाळं विणत बसला होता. त्याचा एक गुडघा वाकत नव्हता. आरोंदेकरांना बघून तो बसल्या जागेवरून ओरडला, की आज इतका उशीर का, आणि हा कोण नवीन. आरोंदेकरांनी, जन्मात कुणाच्या घरी चप्पल काढून न बसणाऱ्या त्या माणसाने, कोट खुंटीला अडकवला आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतलं. कोळणीने न विचारता आत तीन ताटं मांडली, तसा कोळी जाळं बाजूला ठेवून आत गेला; आम्ही दोघे दाराशी टेकलो होतो.

मी हळूच विचारलं, हा कोण?

"जानू," ते म्हणाले. "तिसरी रांग, पहिली खाट. चहा पीत होता तो हाच. बघायला येणारं कुणी नव्हतं त्याचं, बायको माहेरी उरणला अडकलेली. त्या दिवशी मीच बसलो त्याच्याजवळ." मग वही काढावी तसा खिशाकडे त्यांचा हात गेला, आणि तसाच परत आला. "तपासनीस म्हणून सांगायचं तर हा चुकून हाती आलेला माणूस, गुरुजी. पण आता परत कुठे ठेवू?"

आतून जानूने हाक मारली, "ये रं भावा, जेवान निवतंय." आरोंदेकर उठले आणि आत जाऊन त्याच्या शेजारी बसले.